तुरटीचे स्फटिक घरी कसे करावेत

पाणी तापले की बहुतेक स्थायू पदार्थ त्यात अधिक विरघळतात, पण ही वाढ प्रत्येक पदार्थाची निराळी असते. 100 ग्रॅम पाण्यात मीठ 20 अंश सेल्सिअसला सुमारे 36 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यातही जेमतेम 39 ग्रॅम विरघळते. तुरटी मात्र 20 अंशांना सुमारे 11 ग्रॅम, तर 60 अंशांना 50 ग्रॅमहून अधिक विरघळते, म्हणून हा प्रयोग तुरटीवरच करावा.

स्टीलच्या पातेल्यात 100 मिलिलिटर पाणी साधारण 60 अंशांपर्यंत तापवावे, खलबत्त्यात कुटलेली 30 ग्रॅम तुरटी त्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावी आणि द्रावण सुती कापडातून काचेच्या बरणीत गाळून घ्यावे. बरणी मुळीच हलवू नये. द्रावण हळूहळू निवू दिले तर स्फटिक थोडे पण मोठे आणि सुबक येतात. बर्फात ठेवून घाई केली तर बारीक चुराच हाती लागतो.

इंदुरात यासाठी डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री उत्तम. मे महिन्यात खोलीच 40 अंशांच्या आसपास राहिली, तर पाणी सुमारे 24 ग्रॅम तुरटी धरून ठेवते आणि तळाशी फारच थोडे स्फटिक बसतात. अशा वेळी तुरटी 45 ग्रॅम घ्यावी.