पडद्यावर मराठी वाचताय? आधी उजेड जुळवा

मोबाइलवर पुस्तकाचं पान उघडा आणि शेजारी एक कोरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा झगझगीत वाटला तर ब्राइटनेस उतरवा, मळकट वाटला तर चढवा. दोन्ही सारखे दिसले की थांबा. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवस सगळा पडद्यासमोर जातो. आभाळ भरून आलं, संध्याकाळ झाली, की कामाआधी हा कागद हातात घेते. रात्री दिवे मालवून वाचायचं मात्र सोडाच. खोलीत दिवा हवा, तोही बाजूने. समोरचा दिवा डोळ्यांत जातो आणि पाठीमागचा काचेत दिसतो.

उजेडानंतर अक्षर. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीला पुरतो तो आकार आपल्याला पुरत नाही. पारख सोपी आहे: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ न थबकता वेगळे कळले पाहिजेत. ‘वस्तू’मधला उकार दीर्घ आणि ‘वस्तुसंग्रहालय’मधला ऱ्हस्व, हे पडदा नाकाशी न नेता दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर अक्षर मोठं करा, आणि ओळींमधलं अंतरही वाढवा. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतात आणि डोळा ओळ चुकतो. मोबाइलसाठी मला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट आवडतो. त्याची अक्षरं मोकळी आहेत आणि लहान आकारातही जोडाक्षरं बुजत नाहीत.

सलग, तासन्‌तास वाचणार असाल तर ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा पडदा असलेला, फक्त पुस्तकं वाचायचा रीडर घ्या, असं मी मनापासून सांगेन. त्याच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. पान उलटताना वीज लागते, पुढे ते कण जागच्या जागी राहतात आणि खोलीतल्याच उजेडात अक्षरं दिसतात. म्हणून भर उन्हात गॅलरीत बसूनही वाचता येतं. अ‍ॅमेझॉनच्या किंडल रीडरला 2012च्या ‘पेपरव्हाइट’ मॉडेलपासून आतला दिवा आला. तो कडेच्या एलईडींमधून पानावर पसरतो, मागून डोळ्यांवर येत नाही. जुना रीडर विकत घेताना इंचाला किती ठिपके ते बघा. सुरुवातीच्या पेपरव्हाइटला 212 होते, 2015पासून 300 झाले. जोडाक्षरांच्या बारीक रेघांसाठी 300च घ्यावेत. किंडलवर मराठी पुस्तकं 2016पासून रीतसर मिळतात. दोन रकान्यांच्या दिवाळी अंकाची पीडीएफ मात्र सहा इंची रीडरवर वाचू नका. तिला मोठा टॅब्लेटच हवा.

ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा पडद्याच्या मोबाइलवर रात्री डोळे दुखत असतील तर एक गोष्ट तपासा. यातले बरेच पडदे उजेड कमी करायला फार वेगाने चालू-बंद होत राहतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींना त्याचा त्रास होतो. दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग 1/1000च्या आसपास ठेवून पडद्याकडे रोखा. काळे पट्टे सरकताना दिसले तर हाच प्रकार. अशा वेळी ब्राइटनेस तळाला नेऊ नका. तो बऱ्यापैकी वर ठेवा आणि अँड्रॉइडमधल्या ‘एक्स्ट्रा डिम’ने किंवा आयफोनमधल्या ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ने पडदा मंद करा.

काळ्यावर पांढरी अक्षरं सगळ्यांनाच मानवत नाहीत. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि चष्म्याला दंडगोल (सिलिंडरचा) नंबर असेल तर अक्षरांच्या कडा फुटतात.

निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर पैसे घालवू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही तो चष्मा सुचवत नाही. खरा त्रास पापण्या कमी मिटल्याने होतो, डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद समोरच्या इमारतीकडे बघा आणि पापण्या पूर्ण मिटा.

चाळिशी लागली असेल तर चष्मा करायला जाण्याआधी डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. वाचनाचा नंबर बहुधा पुस्तकाच्या अंतराचा, साधारण 40 सेंटिमीटरचा काढतात. टेबलावरचा कॉम्प्युटर त्याहून लांब असतो, आणि मग अक्षर गाठायला मान पुढे काढावी लागते.