नेटवर्कवरून चालणाऱ्या नियंत्रण प्रणालीची स्थिरता कशी तपासावी

मापन करणारा सेन्सर, आदेश ठरवणारा कंट्रोलर आणि तो आदेश अमलात आणणारा अ‍ॅक्च्युएटर नेटवर्कने जोडलेले असतील, तर सरासरी विलंबाआधी एक प्रश्न विचारावा: अ‍ॅक्च्युएटर या क्षणी ज्या मापनाच्या आधारे चालतो आहे, ते किती जुने आहे? पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, हरवले की मागचाच आदेश चालू राहतो आणि मापनाचे वय एका सॅम्पलिंग कालावधीने, म्हणजे लागोपाठच्या दोन मापनांमधील वेळेने, वाढते. त्यामुळे विलंब आणि हरवलेली माहिती या दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात मांडता येतो.

त्यासाठी प्रत्येक पॅकेटवर सेन्सरपाशीच वेळ आणि क्रमांक नोंदवावा, सर्व उपकरणांची घड्याळे जुळवून घ्यावीत आणि नेटवर्कवर नेहमीची वर्दळ असतानाच मोजणी करावी. नोंदींतून कमाल विलंब आणि लागोपाठ हरवलेल्या पॅकेटांची कमाल संख्या काढावी.

मग प्रणालीला किती विलंब सोसवतो ते पाहावे. लूप, म्हणजे मापनापासून आदेशापर्यंत आणि पुन्हा मापनापर्यंतचे चक्र, अस्थिर होण्याआधी त्याला आणखी किती फेज-पिछाडी सोसते ते फेज मार्जिन सांगते, आणि लूपचे वर्धन ज्या वारंवारतेला 1 होते ती क्रॉसओव्हर वारंवारता. रेडियनमधील फेज मार्जिनला क्रॉसओव्हर वारंवारतेने भागले की ही मर्यादा मिळते. फेज मार्जिन 45 अंश, म्हणजे 0.785 रेडियन, आणि वारंवारता सेकंदाला 10 रेडियन असेल, तर मर्यादा सुमारे 78 मिलिसेकंद येते. सॅम्पलिंग कालावधी 20 मिलिसेकंद असल्यास आदेश धरून ठेवण्यातच सरासरी 10 खर्ची पडतात. नेटवर्कवरील जाण्यायेण्याचे 30 आणि गणनेचे 5 वजा केले की 33 उरतात. एवढ्यात एका पॅकेटची तूट भागते, लागोपाठ दोन हरवली तर भागत नाही. तसे क्वचित घडल्याने प्रणाली लगेच अस्थिर होत नाही, पण वारंवार घडू लागले तर स्थिरतेची खात्री उरत नाही.

मात्र हा हिशेब न बदलणाऱ्या विलंबापुरताच खरा आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच मुद्द्याकडे होते. मर्यादेतील प्रत्येक ठरावीक विलंबाला स्थिर राहणारी प्रणाली त्याच मर्यादेत बदलत राहणाऱ्या विलंबाने अस्थिर होऊ शकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे अ‍ॅक्च्युएटरपाशी बफर, म्हणजे तात्पुरती साठवण, ठेवून प्रत्येक आदेश कमाल विलंबाइतका थांबवून लागू करणे. सरासरी विलंब वाढतो, पण विश्लेषण विश्वासार्ह होते. बफर नको असेल, तर बंद लूपच्या (नियंत्रण चालू असतानाच्या संपूर्ण प्रणालीच्या) प्रतिसादाचे परिमाण, वारंवारता आणि कमाल विलंब यांचा गुणाकार प्रत्येक वारंवारतेला 1 पेक्षा कमी आहे का, हे तपासावे. ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. ती मोडली म्हणून प्रणाली अस्थिरच ठरते असे नव्हे.

प्रक्रिया मुळातच अस्थिर असेल, तर कंट्रोलर कितीही उत्तम असला तरी एक सीमा ओलांडता येत नाही. नियंत्रणाविना विचलन दर पावलाला a पट होत असेल आणि पॅकेट हरवण्याची शक्यता p असेल, तर p आणि a च्या वर्गाचा गुणाकार 1 पेक्षा कमी हवा, नाहीतर विचलनाच्या वर्गाची सरासरी अमर्याद वाढते. a 1.2 असेल तर p सुमारे 0.69 पर्यंत चालते, a 2 झाला की 0.25 च्या आतच राहावे लागते. वायरलेसवर पॅकेट झुंडीने हरवतात. तेथे p च्या जागी एक पॅकेट हरवल्यावर पुढचेही हरवण्याची शक्यता घ्यावी.

सीमा जवळ आलेली दिसली, तर सॅम्पलिंग वेगवान करण्याची घाई करू नये, कारण वाढलेल्या वर्दळीने विलंबच वाढू शकतो. त्याऐवजी शिळे पॅकेट पुन्हा पाठवण्यापेक्षा टाकून द्यावे आणि प्रत्येक पॅकेटमध्ये चालू आदेशासोबत प्रक्रियेच्या मॉडेलवरून काढलेले पुढील काही पावलांचे आदेशही पाठवावेत, म्हणजे पुढचे पॅकेट आले नाही तरी अ‍ॅक्च्युएटरला ते क्रमाने वापरता येतात.