जुन्या सर्व्हरवर इन्स्टॉलेशन अडकलं तर: आधी कुठे अडकलंय ते शोधा

डेल पॉवरएज आर७१० किंवा एचपी प्रोलायंट डीएल३८० जी७ यांसारख्या २००९-१०च्या मशीनवर नवीन लिनक्स टाकायला घेतलं, की ते कुठेतरी थांबतंच. मग शोधाशोध केली की सल्ला मिळतो: ‘नोमोडसेट’ (चित्राचा साधाच मोड वापरायला सांगणारा पॅरामीटर) टाका, बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करा, रॅम बदला. तिन्ही एकाच वेळी केलं तर नेमकं कशाने चाललं ते कळत नाही, आणि चाललं नाही तर कशाने बिघडलं तेही कळत नाही. एका वेळी एकच बदल करा. खालची उदाहरणं अल्मालिनक्स ९ची, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सशी जुळणाऱ्या मोफत लिनक्सची आहेत. कमांड आणि पॅरामीटर इथे देवनागरीत दिलेत, टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे.

खरंच अडकलंय का?

कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे. पडदा काळा आणि नमलॉक चालू, असं असेल तर दोष फक्त चित्राचा. या मशीनमधली साधी ग्राफिक्स चिप नव्या ड्रायव्हरशी कधीकधी जमवून घेत नाही. ‘नोमोडसेट’ची जागा इथे, आणि फक्त इथे. नमलॉकही मेलं असेल तर बूट मेनूत टॅब किंवा ‘इ’ दाबल्यावर दिसणाऱ्या कर्नल ओळीतून ‘क्वायट’ काढून पुन्हा बूट करा आणि शेवटच्या तीन ओळींचा मोबाइलवर फोटो घ्या.

‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’ असा संदेश आला तर पुढे काही करू नका. झिऑन ५४०० मालिका आणि त्याआधीच्या प्रोसेसरवर आवृत्ती ९ चालणारच नाही. झिऑन ५५०० आणि ५६०० वर चालते. रेड हॅट १० ला मात्र याहून वरची पातळी, म्हणजे व्ही३ लागते, ती या दोघांकडेही नाही.

मीडिया तपासणीचा टप्पा इएससी दाबून सोडा. आयएसओची, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलची, शा२५६ बेरीज (फाइल शाबूत आहे का ते सांगणारी खूण) आपल्या पीसीवरच जुळवून पाहा. जुन्या आयड्रॅकच्या (डेल सर्व्हर दुरून चालवायची सोय) व्हर्च्युअल मीडियावरून हीच तपासणी इतकी रेंगाळते, की मशीन गोठल्यासारखं वाटतं.

ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट

सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा हीच, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथलेच. मेनूमधून ‘इन्स्टॉल’ निवडलं, ओळी सरकल्या, मग ‘ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट, स्टार्टिंग टाइमआउट स्क्रिप्ट्स’ ही एकच ओळ दोन-तीन मिनिटं पुन्हा पुन्हा येत राहते. शेवटी ‘ड्रॅकट:/#’ असा प्रॉम्प्ट उरतो (ड्रॅकट म्हणजे बूटची सुरुवात सांभाळणारा भाग). हे पाहून लोक हार्ड डिस्क बदलायला निघतात. इथे डिस्कचा काही संबंध नाही. इन्स्टॉलरला त्याचा स्वतःचाच दुसरा भाग, म्हणजे पेनड्राइव्हवरचा स्टेज२, सापडत नाहीये.

का सापडत नाही? कर्नल ओळीत ‘इन्स्ट.स्टेज२=एचडी:लेबल=’ आणि त्यापुढे डीव्हीडीचं लांबलचक नाव असतं. रूफसने (विंडोजवर बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) आयएसओ पद्धतीत पेनड्राइव्ह बनवला तर तो फॅट३२ फॉरमॅटचा होतो, आणि फॅटच्या लेबलला ११ अक्षरांचीच जागा. नाव छाटलं जातं. रूफस बहुतेक वेळा कॉन्फिग फाइलमध्ये ते जुळवून घेतो, पण नुसत्या फाइली कॉपी करून केलेल्या पेनड्राइव्हवर ते जुळवणारं कुणीच नसतं.

प्रॉम्प्टवर ‘बीएलकेआयडी’ (जोडलेल्या डिस्क आणि त्यांची लेबलं दाखवणारी कमांड) चालवा. पेनड्राइव्हची ओळ दिसली तर तिथलं लेबल अक्षरशः उतरवून घ्या, कॅपिटल-स्मॉलसकट. रीबूट करा. बायॉस मोडमध्ये मेनूवर टॅब दाबा, यूईएफआयमध्ये (बायॉसची नवी पद्धत) ‘इ’, आणि ओळीतलं लेबल बदला. लेबलऐवजी ‘/डेव्ह/एसडीबी१’ टाका असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. रेड (RAID) कार्ड, म्हणजे सर्व्हरच्या डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, जागं व्हायला कमी-जास्त वेळ घेतं, आणि या बूटला एसडीबी असलेला पेनड्राइव्ह पुढच्या बूटला एसडीए होऊन बसतो.

पेनड्राइव्हची ओळच नसेल तर लेबल बदलून काहीही होणार नाही. यूएसबी हब आणि एक्स्टेन्शन काढा, पुढचं पोर्ट सोडून मागच्या पोर्टला थेट लावा, जमलं तर साधा यूएसबी २.० पेनड्राइव्ह घ्या.

खरा उपाय मात्र एकच: रूफसमध्ये ‘डीडी इमेज’ निवडून पेनड्राइव्ह पुन्हा लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ओळी हाताने दुरुस्त करत बसण्यापेक्षा तेच बरं.

इन्स्टॉलर उघडला, पण डिस्कच दिसत नाही

कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने शेलमध्ये जा आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. स्टोरेज कार्डाच्या नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का, एवढंच पाहायचं.

ओळ आहे, डिस्क नाही: कार्डावर लॉजिकल ड्राइव्ह बनवलेलीच नाही. एचपीचं पी४१०आय किंवा डेलचं पर्क ६/आय हे रेड कार्ड नुसती डिस्क पुढे सरकवत नाही, एकच डिस्क असली तरी तिचं रेड ० करावं लागतं. एचपीवर सुरुवातीला एफ८, डेलवर कंट्रोल-आर. दुसऱ्या मशीनमधून काढून आणलेली डिस्क डेलमध्ये ‘फॉरेन’ दिसते. त्यावरचा डेटा हवा असेल तर ‘इम्पोर्ट’, नको असेल तर ‘क्लिअर’. उलट केलंत तर परत मिळणार नाही.

ओळच नाही: ड्रायव्हरच्या यादीतून तुमचं कार्ड काढून टाकलेलं आहे. रेड हॅटने आवृत्ती ८ मध्ये अशी बरीच जुनी कार्डं गाळली. सेंटओएस ७ (रेड हॅट ७चं मोफत रूप) त्याच मशीनवर सुखाने चालायचं ते यामुळेच. पण त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, तिकडे परत जाऊ नका. अल्मालिनक्सने ९.४ पासून एचपीएसए, मेगारेड-सॅस, एमपीटी३सॅस वगैरे ड्रायव्हरमधली गाळलेली कार्डं परत घातली, म्हणून ९.४ किंवा पुढची आयएसओ घ्या. एलरेपोची (रेड हॅटसारख्या लिनक्ससाठी जादा ड्रायव्हर पुरवणारा संग्रह) ड्रायव्हर डिस्क ‘इन्स्ट.डीडी’ने जोडता येते, पण पुढच्या मोठ्या अपडेटला कर्नल आणि ड्रायव्हर यांची फारकत झाली, की सर्व्हर रीबूटनंतर उठत नाही. दूरच्या ऑफिसात ठेवायच्या मशीनवर हा उद्योग करू नका, त्यापेक्षा डेबियन १२ टाका.

टक्केवारी एका जागी बसली

शेलमध्ये ‘कॅट /प्रॉक/डिस्कस्टॅट्स’ अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोनदा चालवा. आकडे वाढत असतील तर काम चालू आहे, फक्त हळू. कारण बहुधा रेड कार्डाची मेलेली बॅटरी: ती गेली की कार्ड राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) येतं आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. थांबा, चहा घेऊन या. जबरदस्तीने राइट-बॅक चालू करायचा पर्याय कार्डात दिसेल. यूपीएस नसलेल्या आणि वीज जाणाऱ्या ठिकाणी त्याला हातही लावू नका, कॅशमधला डेटा दिवे जाताच संपतो.

आकडे वाढत नसतील आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘आय/ओ एरर’ असेल तर डिस्क गेली. इन्स्टॉलेशन पुन्हा पुन्हा सुरू करून ती बरी होत नाही.

नेटवर्कवरून टाकताना सर्टिफिकेटच्या चुका आल्या तर घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला, की तारीख काही वर्षं मागे जाते. सेल बदला, बायॉसमध्ये तारीख घाला.

रीबूटनंतर नुसता लुकलुकणारा कर्सर

पेनड्राइव्ह काढा. एचपीवर एफ९ ने सेटअपमध्ये जाऊन बूट कंट्रोलर ऑर्डरमध्ये स्मार्ट अ‍ॅरे (एचपीचं रेड कार्ड) पहिला आणा. अ‍ॅरे २ टीबीपेक्षा मोठा असेल आणि बूट बायॉस मोडमध्ये असेल तर जीपीटीसोबत (मोठ्या डिस्कची पार्टिशन पद्धत) १ एमआयबीचं ‘बायॉस बूट’ पार्टिशन लागतं. हाताने पार्टिशन करणारे नेमकं तेच विसरतात.