ट्रकचालकाने गाडी चालवण्याच्या तासांची आणि विश्रांतीची नोंद कशी ठेवावी

रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराचे आठवून भरलेली नोंदवही बहुधा चुकलेली असते. सकाळी ८ वाजून ४० मिनिटांनी गाठलेले गोदाम रात्री ‘साधारण नऊ’ होते, आणि अशी दोन-तीन ‘साधारणं’ जमली की तासाभराचा फरक सहज पडतो. म्हणून कामाचा प्रकार बदलला की त्याच वेळी, इंजिन बंद केल्यावर केबिनचे दार उघडण्याआधी, वेळ, ठिकाण आणि किलोमीटरचा आकडा लिहून टाकावा.

प्रकार चार असतात. युरोपातील गाड्यांच्या टॅकोग्राफवर, म्हणजे चालवण्याच्या आणि थांबण्याच्या वेळा नोंदवणाऱ्या यंत्रावर, त्यांची चिन्हेच दिलेली असतात: स्टिअरिंग म्हणजे गाडी चालवणे, एकमेकांवर आडवे ठेवलेले हातोडे म्हणजे इतर काम, तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे बोलावणे येईपर्यंत तयार राहणे आणि पलंग म्हणजे विश्रांती. साधी वही वापरणाऱ्यानेही हेच चार रकाने आखावेत, कारण बहुतेक घोळ दुसऱ्या आणि चौथ्या प्रकाराची सरमिसळ झाल्याने होतो. टायर तपासणे, ताडपत्री बांधणे, माल मोजून घेणे या गोष्टी करताना स्टिअरिंगवर हात नसतो, तरी ती विश्रांती नव्हे.

एक दिवस मांडून पाहू. चालक ६ वाजता कामाला लागतो, २० मिनिटे गाडी तपासतो आणि ८:५० पर्यंत, म्हणजे अडीच तास, गाडी चालवतो. पुढचा दीड तास तो गोदामात उभा राहून खोकी मोजून घेतो. मग १०:२० ते १२:२० असे आणखी दोन तास चालवतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांचा विराम घ्यावाच लागतो, आणि खोकी मोजण्याचा दीड तास त्यात धरला जात नाही. त्यामुळे १२:२० ला गाडी थांबलीच पाहिजे. हा विराम दोन भागांत घेता येतो, पण आधी किमान १५ आणि नंतर किमान ३० मिनिटे याच क्रमाने. आधी ३० आणि नंतर १५ घेतली तर हिशेब जुळत नाही, हे अनेकांना तपासणीच्या वेळीच कळते.

हाच दिवस अमेरिकेच्या नियमांत बसवला की चित्र पालटते. तिथे सलग १० तास कामाबाहेर राहिल्यानंतर मालवाहू गाडीच्या चालकाला ११ तास गाडी चालवता येते, परंतु ती कामाला लागल्यापासूनच्या १४ तासांच्या आत. आठ तास चालवल्यावर लागणारा ३० मिनिटांचा खंड सलग आणि गाडी न चालवता गेला की पुरे, म्हणून गोदामातला वेळ इथे उपयोगी पडतो. मात्र ६ वाजता सुरू झालेले घड्याळ त्या दीड तासात थांबत नाही. रात्री ८ वाजता, चालवण्याचे तास शिल्लक असले तरी, स्टिअरिंग सोडावे लागते. म्हणून वहीत ‘किती चालवले’ याच्या शेजारी ‘किती वाजेपर्यंत चालवता येईल’ हाही रकाना हवा. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा जास्त कामाचा आहे, कारण गाडी उभी करायला जागा कुठे शोधायची हे त्यावरूनच ठरते. मुदत संपायच्या तासभर आधी शोध सुरू करावा.

यंत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गाडी थांबली की डिजिटल टॅकोग्राफ आपोआप ‘इतर काम’ धरतो. पलंगाचे चिन्ह निवडायचे राहिले, तर झोपलेली ४५ मिनिटेही कामात जमा होतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र गाडी सलग पाच मिनिटे उभी राहिल्यावर विचारणा करते आणि मिनिटभरात उत्तर मिळाले नाही, तर ‘कामावर, पण गाडी चालवत नाही’ असे स्वतःच नोंदवते. दुसरी बाब घड्याळाची. टॅकोग्राफची साठवलेली नोंद जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून त्यातून निघणाऱ्या छापील पट्टीवरची वेळ आणि मनगटावरची वेळ वेगळी दिसली, तर घाबरून हाताने ‘दुरुस्ती’ करू नये.

चूक झालीच तर खाडाखोड न करता चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारावी आणि शेजारी बरोबर वेळ, कारण व सही द्यावी. वाहतूक कोंडी किंवा अपघातामुळे मुदत ओलांडली असेल, तर कारण त्याच दिवशी लिहावे. आठवड्यानंतर लिहिलेले कारण कोणाला पटत नाही. छापील पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असते आणि काचेमागे उन्हात राहिली तर काळी पडते, म्हणून ती पाकिटात घालून केबिनच्या खणात ठेवावी.