जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि श्रीलिपीतल्या फायली

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१३ ते २०१७ मधले ठणठणीत लॅपटॉप भंगारात निघालेत. त्यांच्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकायला अर्धा तास पुरतो. खरा वेळ जातो तो जुन्या मराठी फायली, प्रिंटर आणि टॅली यांच्यात. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या डीव्ही-टीटी सुरेखसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांसाठी ठरलेला सामाईक संकेत) नसतो. फायलीत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा अंगरखा चढवतो. फॉन्ट गेला की सोसायटीच्या दहा वर्षांच्या इतिवृत्तांच्या जागी नुसती अगम्य चिन्हं दिसतात. विंडोज चालू आहे तोवर महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. ज्यात पुढे बदल करायचे आहेत तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. त्याआधी फॉन्टचं नेमकं नाव टिपून ठेवा, कारण एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही.

रूपांतरातल्या चुका ठरावीक जागी सापडतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गडबडतो. ‘स्थिती’, ‘कार्यकर्ता’, ‘दुसऱ्या’ असे शब्द शोधून पाहा. ते नीट असतील तर बाकीचं बहुधा नीट असतं.

आता बाकीची अडवणूक. टॅली फक्त विंडोजसाठी बनते. हिशेब तिच्यावर असतील तर ते एक मशीन विंडोजवरच राहू द्या, उगाच हट्ट नको. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का आणि तुमच्या पोर्टलवर चालतो का, हे आधी बघा. प्रिंटरपैकी एचपीचे बहुतेक एचपीलिप या ड्रायव्हर-संचामुळे लगेच चालतात. पण लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये असतं. प्लगइन टाकलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवलेलंही दिसतं, कागद मात्र हलत नाही. कॅननचा एलबीपी २९०० बराच त्रास देतो. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो, तेव्हा त्याच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवा किंवा प्रिंटर बदला.

डिस्क आणि पेनड्राइव्ह

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. वेगातला सगळ्यात मोठा फरक हिनेच पडतो. शिवाय जुनी डिस्क काढून तशीच्या तशी कपाटात ठेवता येते. काही बिघडलं तर परत लावली की झालं. ती काढण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा, नाहीतर ती डिस्क नंतर दुसऱ्या मशीनवर उघडणार नाही. रॅम मिंटला किमान २ जीबी लागते. ४ जीबी असली तर काम सुसह्य होतं. रॅम वाढवताना डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत गल्लत नको. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ ची, आणि काही लॅपटॉप फक्त दुसरीच घेतात.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत, जवळपास ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. डाउनलोड झाल्यावर ७-झिपच्या उजव्या क्लिकच्या मेनूतून शा-२५६ हा पडताळणीचा आकडा काढून संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडा. अर्धवट उतरलेली फाइल कधी कधी इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते. मग रूफस या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवा. त्यावरून लॅपटॉप सुरू होत नसेल तर रूफसमध्येच डीडी पद्धत निवडून पुन्हा बनवा.

लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९. पेनड्राइव्हवरून मिंट थेट चालतं, डिस्कला हात न लावता. तिथेच वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तपासा. वेगावरून मात्र मत बनवू नका, पेनड्राइव्हवर ते रेंगाळणारच. वायफाय दिसत नसेल, ब्रॉडकॉम चिपचं असं होतं, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) डिस्कचा साटा मोड रेड किंवा आरएसटीवर असतो. तो एएचसीआय करा. पण त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल सरळ करू नका, ते सुरू होणार नाही.

मराठी टायपिंग

इन्स्क्रिप्ट (देवनागरीचा प्रमाणित कीबोर्ड) येत असेल तर वेगळं काही टाकावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट. ‘सिस्टिम डिफॉल्ट वापरा’ बंद केल्याशिवाय खालची यादी हलत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. भारतीय गटातून मराठी इन्स्क्रिप्ट जोडा. इंग्रजी मात्र यादीत वरच ठेवा, नाहीतर काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी चालत नाही. ‘दऱ्या’मधला ऱ्य काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी आयबस आणि आयबस-एम१७एन ही पॅकेजं टाकावीत, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडावं आणि एकदा लॉगआउट करून परत यावं. यादीत मराठीखाली गमभन, फोनेटिक, आयट्रान्स असे पर्याय दिसतात.

लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा ठळकपणा किंवा आकार ऐकत नाही अशी तक्रार हमखास येते. कारण देवनागरीसाठी त्यात फॉन्टचा वेगळा कप्पा असतो. भाषेच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि तिथली भाषा हिंदी असेल तर मराठी करा. याचा आणखी एक फायदा: नोटोसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे कळलं तरच ती दिसतात. निमंत्रणपत्रिकेवर हिंदी वळणाचा श खटकतो तो बऱ्याचदा यामुळेच.

लॅपटॉप पुन्हा जड होऊ नये म्हणून

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्रॅम बरेचदा दोन रूपांत असतो: सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. पहिल्यांदा टाकलेला फ्लॅटपॅक आपल्यासोबत शेकडो एमबीचं बिऱ्हाड घेऊन येतो. सिस्टिम पॅकेज पुरेसं नवं असेल तर तेच घ्या. मिंट ज्यावर बेतलं आहे त्या उबंटूची स्नॅप ही प्रोग्रॅम टाकण्याची यंत्रणा मिंटने २०२० पासून मुळातच रोखून धरली आहे. तिचं दुकान एकाच कंपनीच्या हातात असतं, हा त्यांचा आक्षेप. ती बंदी उठवण्याचं कारण सहसा पडत नाही.

४ जीबी रॅमवर खरा भार ब्राउझरचा. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका आणि व्हॉट्सअॅप वेबचा टॅब काम झाल्यावर बंद करा.

सगळं मनासारखं लागलं की टाइमशिफ्टने सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घ्या, अपडेट फसलं तर मागे येता येतं. पण तो तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर.