पुण्याच्या टेकड्यांवर आणि बागांत साप-सरडे कसे पाहावेत

साप पाहायचा म्हणून टेकडीवर गेलेला नवखा माणूस झुडपांत डोके खुपसून सापच शोधत राहतो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. साप, सरडे, सापसुरळ्या, घोरपडी यांना अंगातली ऊब स्वतः निर्माण करता येत नाही. ती उन्हातून आणि तापलेल्या दगडातून मिळवावी लागते आणि फार तापले की सावलीत शिरावे लागते. त्यामुळे त्यांचा बराचसा दिवस ऊन आणि आडोसा यांच्या कडेकडेने जातो. पायवाटेच्या कडेचे गवत, दगडी बांधाची उन्हाकडची बाजू, वाळक्या पाचोळ्याचा ढीग आणि त्याला लागून असलेली मोकळी जमीन अशा जागा आधी हेराव्यात. प्राणी तिथेच भेटतात.

वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या मागचा डोंगर, पाषाण तलावाचा काठ, एम्प्रेस गार्डनसारखी जुनी झाडे असलेली बाग, यांपैकी घराजवळची एकच जागा निवडावी आणि वर्षभर तिथेच जात राहावे. दर रविवारी नवी टेकडी पालथी घालणाऱ्यापेक्षा एकाच बांधाशी वीस वेळा थांबणाऱ्याला जास्त दिसते, कारण त्या बांधातले कोणते भोक वापरातले आहे आणि कोणत्या दगडावर किती वाजता ऊन येते, हे त्याला पाठ होते.

वेळेला फार महत्त्व आहे. हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊच्या आधी जाण्यात अर्थ नाही. ऊन अंगाला लागू लागले की अकरापर्यंतचा काळ उत्तम असतो. उन्हाळ्यात हेच उलट होते आणि पहाट व संध्याकाळ तेवढी कामाची उरते. सर्वांत चांगले दिवस मात्र पावसाळ्यातले, त्यातही दोन-तीन दिवस झड लागून नंतर पावसाने उघडीप दिली की पहिल्या दोन तासांतले. भिजून गारठलेले प्राणी तेव्हा ऊन घ्यायला एकदमच बाहेर येतात.

सुरुवात सरड्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. कुंपणाच्या खांबावर बसलेला बागेतला साधा सरडा रोज दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे बघतच नाही. पण विणीच्या हंगामात त्याच नराचे डोके आणि गळा लालभडक होतो, तो पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वरखाली होतो आणि दुसऱ्या नरापुढे माघार घ्यावी लागली तर तो लाल रंग पाहता पाहता उतरतो. दहा मिनिटे स्थिर उभे राहून एवढे पाहता आले, तर सापाला लागणारी नजर निम्मी तयार झाली. उघड्या, खडकाळ माळावर गळ्याचा पंखा फुलवणारे छोटे सरडेही दिसतात. त्यांतल्या एका गटासाठी २०१६ मध्ये नवी प्रजाती (अनेक जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) स्थापन झाली तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचे नावच ‘सरडा’ असे, आपल्या मराठी शब्दावरून ठेवले. हे सरडे मोकळ्या जमिनीचे आहेत. टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाच्या दाट सावलीत ते शोधू नयेत, आणि गवताळ माळ दिसला की तिथे झाडे लावलीच पाहिजेत, हा हट्टही सोडावा.

डोळ्यांइतकेच काम कान करतात. पाचोळ्यात खुसखुस होऊन थांबली, पुन्हा झाली, पुन्हा थांबली, तर ती बहुधा सापसुरळी असते. न थांबता लांबत जाणारी सळसळ ऐकू आली, तर तो साप असण्याचा संभव मोठा. पक्षीही पत्ता सांगतात. एकदा तळजाईवर चार-पाच साळुंख्या एका घाणेरीच्या जाळीवर मान खाली घालून सारख्या कर्कश ओरडत होत्या. मी वीस पावले दूर बसून राहिलो. काही वेळाने जाळीच्या तळातून एक धामण डोके वर करून बाहेर आली, जीभ आत-बाहेर करत तिने मोकळ्या वाटेचा अंदाज घेतला आणि मगच ती वाट ओलांडली. मी जाळी हलवली असती, तर मला शेपटीचे टोकही दिसले नसते.

धामण हा टेकडीवरचा सर्वांत सहज दिसणारा मोठा साप. दोन धामणी एकमेकींना वेटोळे घालून उभ्या राहतात तेव्हा लोक त्याला नर-मादीचे मीलन समजतात. प्रत्यक्षात ती दोन नरांची झुंज असते. तलावाच्या काठाशी, पाण्यातल्या तणात नुसते डोके वर ठेवून बसलेला चौकटीच्या नक्षीचा साप बहुधा दिवड असतो. तो बिनविषारी असला तरी चिडका आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप पुणे परिसरात आहेत, आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी सापही आहेत. बिनविषारी कवड्याच्या अंगावरचे पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेकडे पुसट किंवा नाहीसे आणि शेपटीकडे स्पष्ट असतात. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. बिनविषारी डुरक्या घोणशीचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड, बोथट असते. ही ओळख दुर्बिणीतून किंवा फोटोवरून पटवावी. तिच्या भरवशावर कोणताही साप कधीही हातात घेऊ नये.

सापापासून किमान तीन मीटर अंतर ठेवावे, घोटा झाकणारे बूट घालावेत, बिळात किंवा दगडांच्या फटीत हात घालू नये. दगड उलटून पाहण्याची सवय तर लावूनच घेऊ नये. फुरसे दगडाखाली बसते, आणि दगड जसाच्या तसा परत बसला नाही तर त्याखालचा ओलावा जातो. साप पकडणे किंवा त्याला डिवचणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचाही भंग आहे. एखादा साप माणसांच्या वर्दळीत अडकलेला दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दंश झालाच तर साप मारत किंवा शोधत बसू नये. अंगठी, कडे काढावे, दंशाचा अवयव न हलवता ठेवावा, आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, आणि १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे. वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालते, त्यामुळे डॉक्टरांना मेलेला साप दाखवण्याची गरज नसते.

घरी येताच वहीत तारीख, वेळ, ऊन-पाऊस, जागा आणि प्राणी काय करत होता हे लिहावे. काहीच दिसले नाही तो दिवसही लिहावा. वाटेत सापाची कात सापडली तर तिचा फोटो घेऊन तीही नोंदवावी. सापाची कात मोज्यासारखी उलटी होऊन बहुधा सलग निघते, सरड्याची तुकड्यातुकड्यांनी. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात, पण मांडूळ, घोरपड आणि शॅमेलिऑन सरडा यांची नेमकी जागा तिथे लपवून ठेवावी. मांडुळाबद्दलच्या अंधश्रद्धांमुळे त्याची चोरटी विक्री चालते, आणि फोटोत मागे दिसणारी पाण्याची टाकी किंवा मंदिराचा कळस एवढ्यावरून ती जागा शोधणारी माणसे आहेत. फोटो टाकण्याआधी मागचा भाग कापावा.