कुर्लीच्या कल्ल्यांतला सोडियम पंप: चोवीस तासांचे नमुने कसे घ्याल

कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकणारे मामा मला नेहमी सांगतात, "बाई, अवसेची कुर्ली भरलेली, पुनवेची पोकळ." रत्नागिरीत प्राणिशास्त्राचे प्रकल्प करून घेताना हे वाक्य मी मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवते. एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, किती काम करतं, एवढं विचारून भागत नाही. किती वाजता, हेही विचारावं लागतं.

सोडियम पंप हे असंच एक एन्झाइम. तो एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन पेशीबाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांना १९५७ साली तो सापडला, तोही खेकड्याच्या पायातल्या नसांत! पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की कुर्लीला क्षार आत ओढावे लागतात. ते काम मुख्यतः मागच्या कल्ल्यांचं, म्हणून तेच घ्या.

एकाच भरतीला धरलेले, सारख्या मापाचे नर निवडा. कात टाकायला आलेले नकोत. आठवडाभर टाकीत एकाच खारटपणाचं पाणी, बारा तास उजेड, बारा तास काळोख. खाणं रोज ठरल्या वेळी देऊ नका, त्या वेळेचीही त्यांना सवय लागते. मग दर चार तासांनी पाच कुर्ल्या, म्हणजे दिवसाला तीस. आधी बर्फात ठेवून बधिर करा, मगच कल्ले काढा.

रात्री फक्त मंद तांबडी बॅटरी. पहिल्या वर्षी दोनच्या नमुन्याला मी ट्यूबलाइट लावली आणि बाकीच्या टाक्यांवरही उजेड पडला. पुढचे सगळे नमुने टाकून द्यावे लागले. त्या कुर्ल्या फुकट गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

कल्ले थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटा, भांडं बर्फातच ठेवा. प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या करा: दोन्हींत एटीपी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम; एकीत शिवाय ओआबेन, जे हा पंप बंद करतं. ते विष आहे, हातमोजे घाला. एटीपी तुटून सुटलेलं फॉस्फेट मोजायचं. जीवरसायनशास्त्रज्ञ फिस्के आणि आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची १९२५ ची पद्धत आजही चालते; निळा रंग जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. दोन नळ्यांतला फरक म्हणजे पंपाचं काम. तो प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे मांडा. नळ्या साबणाने धुऊ नका. पुष्कळ साबणांत फॉस्फेट असतं, मग कोरी, म्हणजे नमुना न घातलेली, नळीसुद्धा निळी होते. सौम्य आम्लाने धुऊन ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळा.

वहीत घड्याळाच्या वेळेशेजारी खाडीच्या भरती-ओहोटीची वेळ लिहाच. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. तेव्हा पंपाच्या कामातला चढ दिवसाच्या वेळेचा की भरतीचा, अशी शंका आली तर दुसरी तुकडी आठवड्याने धरा आणि टाकीत सतत काळोख ठेवून दोन दिवस दर दोन तासांनी नमुने घ्या. चढ त्याच वाजता आला तर तो दिवसाचा. भरतीबरोबर सरकला तर खाडीचा.